विद्यागृहातील अंधार

ज्या ठिकाणी ज्ञानाचा दिवा लावावयाचा, त्याच ठिकाणी माणसाच्या मनातील अंधार कसा दाट होत जातो, हे दाखविणाऱ्या कथात्म वाङ्मयाला अलीकडे इंग्रजीत ‘डार्क अकॅडमिया’ असे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. डोरोथी सेयर्स यांची ‘गॉडी नाइट’ ही कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. मायकेल इन्स या नावाने लिहिणाऱ्या एका साहित्याच्या प्राध्यापकाने १९३६ साली ‘डेथ अ‍ॅट द प्रेसिडेंट्स लॉजिंग’ लिहिली, आणि डोना टार्ट यांची ‘द सीक्रेट हिस्टरी’ १९९२ साली आली. या तीन कृतींत जवळजवळ साठ वर्षांचे अंतर आहे. तथापि तिन्हींची मांडणी एका ठराविक सामग्रीवर उभी आहे. चार भिंतींआडचे, बाहेरच्या जगापासून तुटलेले महाविद्यालय. त्यात वावरणारी निवडक मंडळी. आणि या मंडळींना चढलेली ज्ञानाची अथवा सौंदर्याची धुंदी.

या प्रकाराला केवळ हेरकथेची एक शाखा समजणे चुकीचे ठरेल. ‘गॉडी नाइट’मध्ये खून होतच नाही. ऑक्सफर्डच्या एका स्त्री-महाविद्यालयात निनावी पत्रे येऊ लागतात, आणि शेवटी असे उघड होते की, एका संशोधकाने आपल्या सिद्धान्ताला प्रतिकूल असलेला पुरावा दडपला होता, एका विदुषीने तो अप्रामाणिकपणा उघडकीस आणला, त्याचे पद गेले, त्याने आत्महत्या केली, आणि त्याची विधवा आज त्याच महाविद्यालयात सेविका म्हणून राबत आहे. सत्यनिष्ठा मोठी की एका कुटुंबाची भाकरी मोठी, हा तेथील खरा प्रश्न. ‘द सीक्रेट हिस्टरी’त तर कोणी कोणाला मारले हे पहिल्याच पानांत सांगून टाकलेले असते, ग्रीक शिकणारी ही मुले तेथवर कशी पोचली, एवढेच वाचकाने शोधावयाचे असते. ‘कोण’ या प्रश्नाची जागा ‘का’ या प्रश्नाने घेतली की हेरकथा मनोविश्लेषणाच्या प्रांतात येते आणि ललित वाङ्मयाच्या कसोट्या तिला लागू होतात.

मराठीत असे वाङ्मय आहे काय? या प्रश्नाचे सहज दिले जाणारे उत्तर असे की, आपल्याकडे ऑक्सफर्ड नाही, म्हणून ऑक्सफर्डचा अंधारही नाही. हे उत्तर पुरेसे नाही असे मला वाटते. मराठी साहित्याने विद्यागृहातील अंधार पाहिला, त्याचे मोलाचे चित्रणही केले. परंतु तो अंधार ज्या दिवशी खऱ्या गुन्ह्याचे रूप घेऊन पुण्याच्या रस्त्यावर उतरला, त्या दिवसाकडे त्याने पाठ फिरविली. या पाठ फिरविण्याचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम भिंतींचा मुद्दा. अशा कथेला जुनी वास्तू लागतेच, हा समज खरा असता तर चंदीगडइतके तिला प्रतिकूल स्थळ दुसरे सापडले नसते. पंजाब विद्यापीठाची जुनी वास्तू लाहोरास होती. तेथे ते १८८२ साली स्थापन झाले होते. १९४७ च्या फाळणीनंतर त्याचे इकडील रूप आधी सोलन येथून कारभार पाहू लागले, त्याचे विभाग निरनिराळ्या गावी विखुरलेले राहिले, आणि १९५६ पासून ते चंदीगडास येऊन स्थिरावले. पिएर जानरे यांनी आखलेला त्याचा परिसर मोकळा, प्रकाशाचा आणि भूतकाळाचा भार नसलेला आहे. गांधी भवनाभोवतीच्या पाण्यात दिवसभर आकाश दिसते. जुना जिना, बंद कपाट, कुजबुज साठवून ठेवणारी कमान यांपैकी तेथे काहीच नाही.

तरीही विद्येच्या अंधाराची एक मोठी भारतीय कादंबरी या मोकळ्या परिसराशी निगडित आहे. आचार्य हजारीप्रसाद द्विवेदी यांना १९६० साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सेवेतून दूर व्हावे लागले, आणि ते चंदीगडास हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. पुढील सात वर्षे त्यांनी तेथे काढली. त्यांची ‘चारु चंद्रलेख’ ही कादंबरी १९६३ साली, याच काळात, ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली. राजा सातवाहन, त्याची राणी चंद्रलेखा, आणि कोटिवेधी रस सिद्ध करू पाहणारा नागनाथ अशी तिची पात्रे आहेत. लोकांचे दुःख नाहीसे करील अशा रसाच्या साधनेत राणी ओढली जाते; साधना फळास येत नाही; आणि सिद्धीच्या मागे धावणाऱ्यांच्या राज्यावर बाहेरून परचक्र येऊन ठेपलेले असते. इच्छा, ज्ञान आणि क्रिया या तीन शक्तींची फारकत झाली म्हणजे समाजाची काय गत होते, हे या कादंबरीचे सूत्र आहे.

लेखकाच्या चरित्रातील दुःख आणि त्याच्या कृतीतील आशय यांना एका दोरीत बांधण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. आपल्या विषयापुरते एवढेच ध्यानात घ्यावे की, ज्ञानाची धुंदी, तिच्यासाठी मोडलेली मर्यादा आणि त्यातून ओढवलेला नाश ही कल्पना आपल्याला परकी नाही. सिद्ध, नाथ आणि रसायन यांच्या कथांतून ती या देशात फार पूर्वीपासून नांदत आहे. टार्ट यांच्या ग्रीक शिकणाऱ्या मुलांना जो उन्माद हवा होता, त्याला आपल्या परंपरेत ‘सिद्धी’ हे नाव केव्हाच मिळालेले होते. तेव्हा ऑक्सफर्डच्या भिंती नसल्यामुळे आपल्याकडे हे वाङ्मय झाले नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. दुसरे कारण शोधावयास हवे.

३

ते कारण आपल्या विद्यापीठांच्या जन्मकथेत काही अंशी सापडते. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे होते. शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. पुण्यास येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजची गॉथिक वळणाची दगडी इमारत उभी राहिली, १८८५ साली फर्ग्युसन निघाले. पण विद्यार्थ्याच्या लेखी महाविद्यालय हे जगापासून तुटलेले मठ कधीच नव्हते. ते एक नाके होते. खेड्यातून शहराकडे, शेतीतून नोकरीकडे, एका जातीच्या वस्तीतून दुसऱ्या जातीच्या आळीकडे जाताना हे नाके ओलांडावे लागे. नाक्यावर जकात द्यावी लागते. आपल्या साहित्यात महाविद्यालयाचा अंधार आला तो बहुधा या जकातीच्या रूपाने.

ना. सी. फडके यांच्या पिढीने महाविद्यालयाची उजळ बाजू रंगविली. फडके स्वतः प्राध्यापक होते, मानसशास्त्राचे जाणकार होते. परंतु त्यांच्या कादंबऱ्यांतील तरुण-तरुणींच्या मनांत जी वादळे उठतात ती प्रेमाची. अंधाराचा पहिला खरा अनुभव १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने दिला. खानदेशातील सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर कोणाचा खून करीत नाही, कोणते गुप्त मंडळ काढीत नाही. तो वसतिगृहात राहतो, खानावळीच्या हिशेबात बुडतो, परीक्षेत हरतो आणि गावी परततो. मध्यंतरी त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत मरते, आणि त्या मरणापुढे तो शिकत असलेल्या एकाही पुस्तकाचा उपयोग होत नाही. येथे नाश होतो तो शिकणाऱ्याच्या आत, सावकाश, आणि त्याची फिर्याद कोठे नोंदविता येत नाही. पुढे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या १९७५ ते १९७९ मधील चार कादंबऱ्यांतून नेमाड्यांनी चांगदेव पाटील या अध्यापकाला एका गावाच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावाच्या महाविद्यालयात हिंडविले, आणि शिकविणाऱ्यांच्या बाजूचा अंधारही मोजून दाखविला.

रंगभूमीने हाच विषय दोन अंगांनी हाताळला. वसंत कानेटकर यांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) या नाटकात प्राचार्य विद्यानंद हे सचोटीचे शिक्षक संस्थाचालकांच्या कारस्थानाला बळी पडतात, तुरुंगात जातात, आणि सूडाने पेटून गुन्हेगारीच्या वाटेला लागतात. उलट त्यांचाच उनाड विद्यार्थी लाल्या माणसांत येतो. प्रेक्षकांनी लाल्याला डोक्यावर घेतले, १९६९ साली ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपटही त्यावर निघाला. पण विद्यानंदांच्या मनाची उलटापालट हाच या नाटकाचा गाभा आहे. विद्येने घडविलेले चारित्र्य सूडाच्या एका धक्क्याने कसे ढासळते, हा प्रश्न तेथे उभा राहिला आणि भावनेच्या पुरात अर्धवट वाहून गेला. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये अधिक थंड डोक्याने काम झाले आहे. लीला बेणारे या शिक्षिकेवर खोटा खटला चालविण्याचा खेळ सुरू होतो आणि बघता बघता तो खरा होतो. ज्यांच्या विद्वत्तेवर ती भाळली ते प्राध्यापक दामले रंगमंचावर एकदाही येत नाहीत. बेणारेची शिक्षा सर्वांच्या देखत होते. विद्वानाची जागा रिकामीच राहते. माझ्या मते विद्यागृहातील अंधाराचे याहून नेमके चित्र मराठीत झालेले नाही.

ही परंपरा लहान नाही. परंतु तिची एक सीमा स्पष्ट दिसते. नेमाडे, कानेटकर आणि तेंडुलकर या तिघांच्याही कृतींत विद्यार्थी अथवा शिक्षक हा मुख्यतः सोसणारा आहे. विद्यानंद गुन्ह्याकडे वळतात तेही आधी अन्याय सोसून. शिकणारा तरुण स्वतःच्या मनाच्या ओढीने, कोणत्याही अन्यायाची सबब नसताना, क्रौर्य करू शकतो, ही शक्यता आपल्या साहित्याने मनात येऊ दिली नव्हती.

४

ती शक्यता प्रत्यक्षात आली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात, म्हणजे आणीबाणीच्या दिवसांत, पुण्यात दहा माणसांचे खून झाले. करणारे एका कला-महाविद्यालयातील तरुण विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला, त्याच महाविद्यालयात शिकणारा मुलगा होता. त्या वर्षी संध्याकाळ झाली की पुण्यातील रस्ते ओस पडत आणि घरांची दारे आतून बंद होत. टोळीतील एक जण माफीचा साक्षीदार झाला, चौघांना मृत्युदंड झाला, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या कारागृहात तो अमलात आला. या प्रकरणाला ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ हे नाव पडले आणि तेच कायम झाले.

या नावातील ‘अभ्यंकर’ कोण होते हे आज किती वाचकांना ठाऊक आहे? काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे थोर अभ्यासक होते. त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी पारिभाषिक कोश १९६१ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला. व्याकरणशास्त्राचा अभ्यास करणारा जगातील कोणताही विद्यार्थी आजही तो हाताशी ठेवतो. त्यांनी संपादिलेला ‘परिभाषासंग्रह’ १९६७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढला. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले, आणि त्या प्रचंड भाषांतराला प्रस्तावनाखंड जोडण्याचे काम काशिनाथशास्त्र्यांनी केले. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या कोणालाही या पितापुत्रांचे ऋण नाकारता येणार नाही. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरील राहत्या घरी हा ऐंशी ओलांडलेला वैयाकरण, त्याची पत्नी, दोन नातवंडे आणि घरची कामकरी बाई अशी पाच माणसे मारली गेली.

शिकणाऱ्या मुलांनी एका आयुष्यभर शिकत राहिलेल्या माणसाला मारले. हा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम म्हटले असते. तो घडला, आणि त्यानंतर आणखी एक गोष्ट सावकाश घडत गेली. कोशकाराचे नाव हत्याकांडाचे नाव झाले. व्याकरणात लोप म्हणजे न दिसणे. पण लोप पावलेल्या प्रत्ययाचे कार्य मागे राहते. येथे उलट झाले. नाव दिसत राहिले, आणि त्यामागचे कार्य लोकांच्या दृष्टीने लोपले.

५

अशा घटनेपुढे साहित्याने काय करावयाचे असते, याचा एक नमुना दुसऱ्या देशात उपलब्ध आहे. १९२४ साली शिकागो येथे लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत, बुद्धिमान विद्यार्थ्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला. त्यांपैकी एकाच्या डोक्यात नीत्शेचा अतिमानव भिनला होता, आणि बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी विद्यापीठात वाचलेल्या पुस्तकांचा प्रश्न न्यायालयात उपस्थित केला. पाच वर्षांनी, १९२९ साली, पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘रोप’ हे नाटक आले; ते या घटनेशी मिळतेजुळते मानले जाते, आणि १९४८ साली हिचकॉक यांनी त्याचा चित्रपट केला. १९५६ साली मेयर लेव्हिन यांची ‘कम्पल्शन’ ही कादंबरी निघाली. लेव्हिन हे त्या दोघांचे विद्यापीठातील समकालीन होते. आपल्याच वर्गातून हे कसे निपजले, असा प्रश्न त्यांनी बत्तीस वर्षे बाळगला आणि मग लिहिले. या लेखनाने अनेकांना दुखविले. शिक्षा भोगून सुटलेल्या लिओपोल्डने लेव्हिनवर दावाही लावला. तरीही त्या समाजाने आपल्या विद्यापीठाकडे पुन्हा एकदा पाहिले.

पुण्याच्या घटनेचे आपल्याकडे काय झाले? १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर यांनी काम केले. अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’ या हिंदी चित्रपटाने घटनेचा धागा मुंबईतील गाणाऱ्या तरुणांच्या टोळीत नेला, आणि तोही सेन्सॉरच्या आक्षेपामुळे दीर्घकाळ प्रदर्शित झाला नाही. मृत्युदंड झालेल्यांपैकी एकाने तुरुंगात आत्मकथन लिहिले. वृत्तपत्रांनी पानेच्या पाने भरली. परंतु ज्या कादंबरीने ‘कोसला’ दिली, ज्या रंगभूमीने प्राध्यापक दामले यांची रिकामी जागा दाखविली, त्यांच्या मुख्य प्रवाहात या घटनेने घर केले असे म्हणता येत नाही.

याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण वाङ्मयीन वर्णव्यवस्थेचे आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, महाराष्ट्रातील असंख्य माणसे त्यांच्यामुळे वाचावयास शिकली. परंतु समीक्षेने रहस्यकथेला ओसरीच्या आत घेतले नाही. खून हा विषय ओसरीवरचा ठरला, आणि आतल्या दालनात बसणाऱ्या लेखकाला त्याला हात लावणे कमीपणाचे वाटले. सेयर्स आणि इन्स यांच्या बाबतीत विद्वान व रहस्यकथाकार एकाच देहात नांदले. आपल्याकडे त्यांच्यात रोटीव्यवहारही झाला नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे महाविद्यालयावर लिहिणारा लेखक बहुधा स्वतः प्राध्यापक असतो. संस्थाचालकावर तो टीका करू शकतो, परीक्षापद्धतीवर कोरडे ओढू शकतो, स्वतःच्या वैफल्यावरही लिहू शकतो. पण समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत आपल्याला काहीच दिसले नाही, हे लिहिणे म्हणजे शिक्षण माणसाला घडविते या श्रद्धेलाच हात घालणे. फुले-आगरकरांपासून महाराष्ट्राने ज्या श्रद्धेवर एवढे उभारले, तिला हात घालावयास तो कचरला असल्यास नवल नाही.

मात्र कचरण्याची किंमत मोजावी लागते. साहित्याने सोडून दिलेली जागा रिकामी राहत नाही. तेथे वृत्तपत्रांचा थरार आणि पडद्यावरचा रक्तपात येऊन बसतो. त्यांना मारणारे दिसतात, कारण मारणाऱ्यांत कथानक असते. मेलेल्यांत केवळ आयुष्य असते, आणि आयुष्य दाखविण्याला कादंबरीइतका ऐसपैस प्रकार लागतो. महाभाष्याच्या पानांवर झुकलेला वृद्ध, त्याच्या घरी काम करणारी बाई, शाळा-कॉलेजांतून संध्याकाळी घरी येणारी नातवंडे, आणि त्याच शहरात कागदावर रेषा काढावयास शिकणारी, रेषेपलीकडे काही न शिकलेली मुले, या सर्वांना एका दृष्टीत सामावून घेणारे लेखन चित्रपटाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

अशा लेखनाला निवेदक कोठून आणावयाचा, ही शंका कोणी काढील. त्याचे उत्तर आपल्या न्यायव्यवस्थेने देऊन ठेवले आहे. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला, सर्व काही खरे सांगण्याच्या अटीवर क्षमा मिळालेला आणि त्यामुळे उरलेल्या आयुष्यात सांगत राहण्याचा धनी झालेला माणूस. ‘द सीक्रेट हिस्टरी’चा निवेदक हाच आहे, फरक इतकाच की त्याला कोणत्याही न्यायाधीशाने माफी दिलेली नाही. पांडुरंग सांगवीकराचा प्रथमपुरुषी स्वर आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील जबानी यांची गाठ मराठीत अद्याप पडावयाची आहे. खऱ्या व्यक्तींची नावे, त्यांच्या आप्तांचे दुःख, यांना धक्का न लावताही ती पाडता येईल. लेव्हिन यांनीही आपल्या पात्रांना दुसरी नावे दिली होती.

आज विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता आपल्या विद्यापीठांतून आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून वारंवार येतात. हैदराबाद येथे जानेवारी २०१६ मध्ये मरण पावलेल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचे अखेरचे पत्र सबंध देशाने वाचले. कार्ल सेगनप्रमाणे विज्ञानावर लिहिण्याची त्याची इच्छा होती. पुण्याच्या प्रकरणाशी या मृत्यूंची तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही एक प्रश्न दोन्हीकडे समान आहे: शिकावयास आलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विद्यागृहाला कळते काय? प्रशासन याचे उत्तर चौकशी समितीच्या अहवालात देते, न्यायालय निकालपत्रात देते. कादंबरीने द्यावयाचे उत्तर या दोहोंपेक्षा लांब, संथ आणि कमी सुरक्षित असते.

विद्यागृहातील अंधाराच्या कथांना परदेशातून आलेली फॅशन म्हणून हसणे सोपे आहे. त्यांतील पुष्कळशा खरोखरच जुन्या इमारती, लोकरी कोट आणि मेणबत्त्या यांच्या पलीकडे जात नाहीत. मराठी लेखकाला या सामानाची गरज नाही. त्याच्यापुढे खानावळीचा हिशेब आहे, प्राध्यापक दामले यांची रिकामी जागा आहे, आणि एका कोशकाराचे असे नाव आहे, जे त्याच्या कोशाकडे परत नेऊन पोचविणे अजून बाकी आहे. ते काम समीक्षेचे जितके आहे, तितकेच, किंबहुना अधिक, कादंबरीचे आहे.